थोड्यांची उपासना, मातीची भाषा

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ भरली. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या घरात होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यांतलेही बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि अहमदनगर या पट्ट्यातले. वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या सात तालुक्यांत कॅथलिक घरं मोजकी आणि एकमेकांपासून लांब. या मोजक्या माणसांच्या रविवारच्या उपासनेत कोणता उतारा वाचायचा, तो कोणी वाचायचा, गाणं कोणत्या भाषेत म्हणायचं, वाद्य कोणतं घ्यायचं, याचा विचार कोणीतरी करत असतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा त्या चार घरांचा खासगी मामला वाटेल. पण त्याच्या मुळाशी गेलं की मराठी भाषेचा, झाडीपट्टीच्या म्हणजे पूर्व विदर्भाच्या लोककलेचा आणि विदर्भातल्या जातिविरोधी लढ्याचा इतिहास समोर येतो. म्हणून हा विषय सर्वसाधारण मराठी वाचकानेही समजून घेण्यासारखा आहे.

कॅथलिक व्यवस्थेत भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. महाधर्मप्रांताचा प्रमुख आर्चबिशप. त्याच्या अनेक जबाबदाऱ्यांपैकी एक म्हणजे आपल्या प्रदेशातल्या उपासनेची देखरेख, आणि तिच्यासाठी धर्मप्रांतात उपासनेचा आयोग असावा, ही जगभरच्या कॅथलिक चर्चची रीत आहे. वेदीपाशी उभे राहणारे धर्मगुरू सगळ्यांना दिसतात, या आयोगाचं काम मात्र सहसा दिसत नाही. उपासनावर्षाचं वेळापत्रक पाळणं, आगमनकाळापासून नाताळापर्यंत आणि उपवासकाळापासून ईस्टरपर्यंतच्या विधींची तयारी करवून घेणं, वाचकांना वाचायला आणि गायकवृंदाला गायला शिकवणं, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेणाऱ्या सामान्य श्रद्धावंतांना तयार करणं, प्रार्थनांचे अनुवाद तपासणं, नवी चर्च बांधताना वेदी आणि बैठक यांची मांडणी ठरवायला मदत करणं, असं ते काम. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बिशप आपल्या सगळ्या धर्मगुरूंसह मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करतात आणि वर्षभर संस्कारांत वापरायची तेलं आशीर्वादित करतात. हा सोहळा महामंदिरात होतो, पण ती तेलं दूरच्या लहानातल्या लहान वस्तीपर्यंत पोचवली जातात. उपासनेच्या सेवेचं खरं स्वरूप यातच दिसतं: केंद्रात तयार झालेलं काठापर्यंत पोचवणं.

माझं म्हणणं असं आहे की धर्मप्रांताच्या उपासनासेवेची कसोटी नागपूरच्या महामंदिरातल्या भव्य विधींवर लागत नाही. ती भंडाऱ्यासारख्या ठिकाणी लागते, जिथे माणसं थोडी आहेत, धर्मगुरू रोज हाताशी नाही आणि जमलेल्यांच्या घरच्या भाषाही एक नाहीत. तिथल्या माणसांना या मातीच्या भाषेत, या मातीच्या सुरांत, समजून-उमजून एकत्र प्रार्थना करता येते का, हे पाहावं. येत नसेल, तर धर्मप्रांताने आपला पैसा, वेळ आणि सर्वांत चांगली माणसं आधी या शिकवण्याच्या कामाला लावावीत. उपासना आपोआप जमत नाही, ती शिकवावी लागते. आणि जिथे समूह लहान तिथे शिकवण्याची गरज अधिक, कारण पाहून शिकायला भोवती मोठा मेळा नसतो.

या म्हणण्याला आधार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा आहे. तोवर रोमन परंपरेच्या जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. भंडाऱ्यातला श्रद्धावंत असो की ब्राझीलमधला, वेदीवर म्हटले जाणारे शब्द त्याला कळत नसत. तो आपली जपमाळ ओढत बसे. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचं संविधान २,१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केलं. जमलेल्या लोकांनी उपासनेत पूर्णपणे, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, हा त्याचा गाभा. लोकभाषांना वाट मोकळी झाली, स्थानिक संस्कृतीतल्या रूपांना जागा मिळाली, धर्मप्रांतांनी उपासनेसाठी आयोग नेमावेत असं सांगितलं गेलं, आणि मिशनरी प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा हेही त्यात आलं. याच दस्तऐवजाने आणखी एक गोष्ट बजावली आहे: आधी धर्मगुरूंना उपासनेचं शिक्षण मिळालं नाही, तर लोकांच्या सहभागाची आशा फोल आहे. लॅटिन जाऊन लोकभाषा आली हा बदल सगळ्यांच्या लक्षात राहिला. शिक्षणाची अट मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली.

नागपूर धर्मप्रांताचा इतिहास पाहिला, की भंडाऱ्यासमोरचा प्रश्न नेमका कुठून आला ते उमगतं. फ्रान्समधल्या आनसी इथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून मध्य भारतात आले. कामठीची लष्करी छावणी हे त्यांच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. सुरुवातीचे श्रद्धावंत बरेचसे छावणीतले सैनिक, पुढे रेल्वेची कुटुंबं, मग शाळा आणि इस्पितळं. या लोकांची भाषा इंग्रजी, तमिळ, कोकणी अशी वेगवेगळी. शिवाय हा सगळा प्रदेश तेव्हा मध्य प्रांताचा भाग होता. भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्यात हिंदीचा वावर मोठा होता. वसईत कॅथलिक समाज शेकडो वर्षं एका जागी, एका बोलीत नांदला. तसं इथे घडलं नाही. इथे चर्च आधी आलं, आणि भोवतालच्या मराठी गावांशी त्याचं भाषेचं नातं हळूहळू, तुटक-तुटक जुळत गेलं.

म्हणून पहिला आक्षेप समोर येतो तो असा: या समाजाची मातृभाषाच एक नाही, मग मराठीचा आग्रह कशासाठी? कोणी केरळमधून आलेली धर्मभगिनी, कोणी झारखंडकडचं आदिवासी कुटुंब, कोणी नोकरीनिमित्त आलेला तमिळ कर्मचारी. हिंदी सगळ्यांना समजते, ती पुरे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि हिंदी किंवा इंग्रजी मिस्सा बंद करावी असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण सोयीची भाषा आणि मुळं धरणारी भाषा यांत फरक आहे. बदलीवर आलेला माणूस काही वर्षांनी जातो. त्याची इथेच वाढलेली मुलं मराठी शाळेत शिकतात, मराठीत भांडतात, मराठीत स्वप्नं पाहतात. प्रार्थना मात्र त्यांना आईवडिलांच्या प्रदेशाच्या किंवा कामचलाऊ भाषेत करावी लागली, तर चर्च हे त्यांच्यासाठी परगावचं घर होऊन बसतं. आणि ज्या थोड्या कुटुंबांची घरची भाषा मराठी किंवा इथली झाडीबोलीच आहे, ती तर आपल्याच गावात पाहुणी ठरतात. सगळ्यांना जोडणारी भाषा निवडायची, तर ती सगळे जिथे राहतात त्या जागेची असावी.

या कामासाठी मराठीकडे साधनसामग्री कमी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्याला आला आणि त्याने लिहिलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टीतल्या राचोल इथे छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ लिहिण्यामागे एक व्यवहारी गरज होती: नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, आणि मोठ्याने वाचायला, एकत्र बसून ऐकायला त्यांना काहीतरी हवं होतं. सामूहिक वाचनासाठी मराठीचा इतका विचारपूर्वक उपयोग एका परदेशी धर्मगुरूने चारशे वर्षांपूर्वी केला, ही आजच्या उपासना आयोगांसाठी मोठी शिदोरी आहे. दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. ते प्रोटेस्टंट, पण त्यांच्या पदांनी मराठी ख्रिस्ती गायनाला घाट दिला. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि तिथून त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. ओवी, अभंग, कीर्तन ही रूपं ख्रिस्ती भक्तीला परकी नाहीत, हे टिळकांनी रचना करून दाखवलं. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने शास्त्रवचनं आजच्या वाचनीय मराठीत आणली. २०२० मध्ये धाराशिवला भरलेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा मराठी साहित्यविश्वानेही त्या परंपरेची दखल घेतली.

मात्र उपासनेचा मजकूर आणि पुस्तकातला मजकूर यांत अंतर आहे. उपासनेतलं वाक्य कानांसाठी असतं. ते एका दमात म्हणता आलं पाहिजे, शंभर जणांना एका लयीत उच्चारता आलं पाहिजे, आणि शंभराव्यांदा म्हणतानाही पोकळ वाटता कामा नये. अनुवाद किती शब्दशः असावा यावर कॅथलिक चर्चमध्ये मोठा वाद झाला. २००१ मध्ये रोमने लॅटिन मुळाशी काटेकोर निष्ठा ठेवण्याचे नियम घातले. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अनुवाद सिद्ध करण्याची मुख्य जबाबदारी पुन्हा त्या-त्या देशाच्या बिशपांकडे दिली. याचा अर्थ साधा आहे: मराठी प्रार्थना मराठी कानाला कशी लागते, हे आता मराठी माणसांनीच ठरवायचं आहे. भंडाऱ्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. मिस्सेचा अधिकृत मजकूर प्रमाण मराठीत राहणं रास्त, कारण तो वसईपासून गोंदियापर्यंत एकच असायला हवा. पण श्रद्धावंतांच्या प्रार्थना, प्रवचन आणि गाणी यांत झाडीबोलीला पूर्ण मुभा असावी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बोली अभ्यासाचा आणि साहित्याचा विषय केली आहे. जिच्यात कविता लिहिली जाते, नाटक रंगतं, तिच्यात देवाकडे पावसाचं मागणंही नक्कीच मागता येतं.

आता शिकवण्याच्या कामाकडे वळू. १९६९ पासून कॅथलिक मिस्सेतली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली आहेत: एक वर्ष मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, दुसरं मार्कचं, तिसरं लूकचं, आणि त्यांच्या जोडीला जुन्या करारातले उतारे, स्तोत्रं, पत्रं. तीन वर्षं नेमाने येणाऱ्या माणसाच्या कानांवरून बायबलचा मोठा भाग जातो, पण वाचणारा अडखळला, नावं चुकली, वाक्य मध्येच तुटलं तर तो नुसता कानांवरूनच जातो. वाचकाला उतारा आदल्या दिवशी मिळावा, तो कोणाचा, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी लिहिलेला आहे हे त्याला ठाऊक असावं, कुठे थांबायचं याचा सराव त्याने केलेला असावा, इतकी साधी ही शिकवण आहे. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या पदांची अधिकृत दीक्षा स्त्रियांसाठी खुली झाली, आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाच्या सेवेलाही अधिकृत पदाचा दर्जा मिळाला. गावोगावी प्रार्थनेचा भार प्रत्यक्षात वाहणाऱ्या बायकांना यामुळे केवळ मदतनीस न राहता उपासनेच्या सेवक म्हणून उभं राहता येईल. धर्मगुरू पोचू शकत नाही अशा रविवारी लोकांनी जमून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करावी, असं चर्चचा कायदाच सुचवतो, आणि १९८८ मध्ये रोमने त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका दिली. रोवणीच्या दिवसांत, पावसाने रस्ते तुटलेले असताना, दूरच्या वस्तीतल्या पाच कुटुंबांची उपासना चालू राहील की थांबेल, हे अशी एखादी शिकलेली बाई तिथे आहे की नाही यावर ठरतं.

संगीताच्या बाबतीत विदर्भाइतकी सुपीक जमीन क्वचित सापडेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर खेडोपाडी सामुदायिक प्रार्थना रुजवली. जातपात बाजूला ठेवून, ओळीत बसून, सोप्या शब्दांत एकत्र म्हणायची प्रार्थना. झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटकं आहेत. इथल्या शेतकऱ्याला तासन्‌तास बसून ऐकायची आणि ध्रुवपद उचलून धरायची सवय आहे. सहभाग सहभाग म्हणतात तो हाच. अशा प्रदेशात कीबोर्डवर वाजवलेली, दुसरीकडून उचललेली चाल गायकवृंदाने म्हणायची आणि बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं, हे परिषदेच्या हेतूच्या नेमकं उलट आहे. उपासना आयोगाने इथल्या शाहिरांबरोबर, भजनी मंडळांत वाढलेल्या लोकांबरोबर बसून स्तोत्रांना चाली लावून घ्याव्यात. स्तोत्रांची घडणच मुळी एकाने ओळ म्हणायची आणि समुदायाने पालुपद धरायचं अशी आहे; खडी गंमतीच्या झिलकऱ्यांना, म्हणजे साथीने पालुपद धरणाऱ्यांना, ती समजावून सांगावी लागणार नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो दोन बाजूंनी येतो. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांना उपासनेतल्या बारा बदलांची परवानगी दिली. पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडणं किंवा पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, धूप, ताट, आणि फुलं, दीप, धूप यांची आरती, असे ते बदल. ते कुठे, किती आणि कधी आणायचे हे स्थानिक बिशपांनी ठरवावं, आणि आधी लोकांना समजावून सांगावं, ही अट सोबत होती. बंगळुरूच्या कॅथलिक उपासना-धर्मशिक्षणाच्या राष्ट्रीय केंद्राचे संस्थापक फादर अमलोरपवदास या कामाचे अग्रणी. एका बाजूने व्हिक्टर कुलंदाई यांच्यासारख्या कॅथलिक लेखकांनी हे चर्चचं हिंदूकरण आहे म्हणून कडाडून विरोध केला. दुसऱ्या बाजूने दलित ख्रिस्ती विचारवंतांनी वेगळा आणि माझ्या मते अधिक खोल प्रश्न विचारला: भारतीय म्हणजे कोणाचं? ज्या संस्कृत मंत्रांनी आणि ज्या देवळांच्या उंबरठ्यांनी आम्हाला बाहेर ठेवलं, तेच तुम्ही आमच्या वेदीवर आणणार का?

भंडाऱ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा दिली. या भूमीतल्या मोठ्या समाजाने कर्मकांडाची एक संपूर्ण भाषा जाणीवपूर्वक नाकारली आहे. तिथे चर्चने भारतीयतेच्या नावाखाली तीच भाषा उचलणं हा नुसता अभिरुचीचा दोष ठरणार नाही, तो अन्याय ठरेल. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातले बायबल अभ्यासक फादर जॉर्ज सोअरिस-प्रभू संस्कृतीत रुजणं आणि दडपलेल्यांची मुक्ती यांचा एकत्र विचार करत. भंडाऱ्यासाठी तोच मार्ग योग्य आहे. म्हणून उत्तर असं, की स्थानिक रूपं घ्यावीत, पण ती वरून न घेता खालून घ्यावीत. जमिनीवर बसणं, जोडे बाहेर काढणं, तेलाचा दिवा, खंजिरी, ओवी, दंडारीची चाल ही सगळ्या जातिजमातींची समाईक मालमत्ता आहे. कोणत्याही रूपाबद्दल एकच प्रश्न विचारावा: या खोलीत बसलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाला ते आपलं वाटतं का? वाटत नसेल तर ते कितीही प्राचीन आणि सुंदर असो, बाजूला ठेवावं.

बाहेरून येणारा संशयही टाळता येत नाही. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने, म्हणजे भंडारा तेव्हा ज्या राज्यात होता त्याच राज्याच्या सरकारने, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात परदेशी पैसा आणि प्रलोभनाने होणारी धर्मांतरं यांवर कठोर शेरे होते. आज आक्षेपाने वेगळं रूप घेतलं आहे: आरती आणि भजन हे भोळ्या लोकांना ओढण्यासाठी घेतलेलं सोंग आहे. म्हणजे इंग्रजीत प्रार्थना केली तर परके, मराठीत केली तर वेषांतर. या कोंडीतून सुटायचा मार्ग खरेपणाचा आहे. उपासना आधीच श्रद्धा असलेल्या लोकांसाठी असते. तिच्यातलं प्रत्येक रूप कशासाठी आहे हे त्यांना उघडपणे समजावलेलं असावं, आणि कोणत्याही बाहेरच्या माणसाने दारात उभं राहून विचारलं तर तेच उत्तर त्यालाही देता यावं. परिषदेने आणि १९६९ च्या परवानगीने घातलेली शिक्षणाची अट इथे उपयोगी पडते. न समजावता आणलेलं रूप आतल्यांना उपरं वाटतं आणि बाहेरच्यांना लबाडीचं. समजावून आणलेलं रूप दोघांपुढेही ताठ मानेने उभं राहतं. आणि मराठी भाषा ही तर कोणा एका धर्माची मालकी नाही. चक्रधरस्वामींपासून शेख महंमदांपर्यंत सगळ्यांनी तिच्यात देवाला हाक मारली आहे.

या मातीत उपासना रुजवायची असेल तर भाताकडे पाहावं लागेल. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथलं वर्ष पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंत आणि रोवणीपासून कापणी-चुरणीपर्यंत मोजलं जातं. कॅथलिक पंचांगात शेतीसाठी प्रार्थनेचे दिवस पूर्वीपासून आहेत, आणि १९६९ च्या नव्या नियमांनी ते कधी व कसे पाळायचे हे प्रत्येक देशाच्या बिशपांवर सोपवलं. गोव्यात याचा जिवंत नमुना आहे: रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचं फेस्त होतं, शेतात कापलेली पहिली कणसं आशीर्वादित करून घरोघरी नेली जातात. मंगळुरूकडचे कोकणी कॅथलिक ८ सप्टेंबरला मोंतीच्या सणाला नवं खातात. भंडाऱ्यात धान उशिरा तयार होतं, पण पहिला घास देवाला दिल्याशिवाय नवं खायचं नाही ही समजूत इथल्या गोंड समाजातही आहे. पेरणीआधी बियाण्याला आशीर्वाद आणि दिवाळीच्या सुमारास नव्या धानाची कृतज्ञता, एवढे दोन विधी नीट रचून दिले, तरी इथल्या शेतकरी कुटुंबाला रविवार आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस एकाच देवाचे आहेत हे वेगळं सांगावं लागणार नाही.

उरले दोन आक्षेप. कोणी म्हणेल, कॅथलिक म्हणजे वैश्विक. प्रत्येक जिल्ह्याने आपली रीत काढली तर एकपणा कसा उरेल? एकपणा श्रद्धेत आणि मिस्सेच्या मूळ रचनेत आहे, चालींत आणि वाद्यांत नाही, याची साक्ष चर्चनेच दिली आहे. १९८८ मध्ये रोमने झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या, धर्मप्रांतांसाठी स्वतंत्र मिस्साग्रंथाला मान्यता दिली. त्यात नृत्याला आणि पूर्वजांच्या स्मरणाला जागा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या आदिवासी समाजांसाठी काही बदल मान्य झाले. आपल्या विदर्भातच चांदा धर्मप्रांत केरळमधल्या सिरो-मलबार परंपरेचा आहे, त्याची मिस्सा वेगळ्या घाटाची, तरी तो रोमशी तितकाच एकरूप. मात्र त्याच सिरो-मलबार चर्चमध्ये एर्णाकुलमला मिस्सेच्या वेळी धर्मगुरूने कोणत्या दिशेला तोंड करावं यावरून जी फूट पडली, तीही लक्षात ठेवावी. लोकांना सोबत न घेता वरून लादलेली एकरूपता जशी तोडते, तशी वरून लादलेली नवी रूपंही तोडतील. म्हणून माझ्या यादीत आधी शिकवणं येतं, मग बदल.

शेवटचा आक्षेप संख्येचा. इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर हिशोबाने देता येतं. या कामाला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक वस्तीतून दोन-तीन माणसं निवडायची, त्यांत निम्म्या तरी बायका असाव्यात. नागपूरला बोलावण्याऐवजी त्यांना त्यांच्याच तालुक्याच्या गावी जमवायचं. वर्षातून चार वेळा, उपासनावर्षातल्या मोठ्या काळांच्या आधी, येणाऱ्या वाचनांचा अर्थ, उच्चार आणि चार नवी मराठी स्तोत्रं शिकवायची. त्यांच्या हाती मोठ्या अक्षरांत छापलेला मजकूर द्यायचा. संत चार्ल्स सेमिनरीमुळे ज्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव पडलं, त्या नागपुरात धर्मगुरू घडवण्याची जुनी परंपरा आहे. तिथे शिकणाऱ्या प्रत्येकाला प्रमाण मराठी आणि एखाद्या स्थानिक बोलीत प्रार्थना चालवता येणं सक्तीचं केलं, तर निम्मं काम झालं. आणि थोड्यांसाठी केलेलं हे काम थोड्यांपुरतं राहत नाही. झाडीबोलीत बांधलेलं चांगलं स्तोत्र मराठी भाषेचं धन होतं, जसं टिळकांचं पद झालं. न अडखळता वाचायला, चारचौघांत बोलायला शिकलेली गावची बाई ग्रामसभेतही तशीच उभी राहते. म्हणून नागपूरच्या उपासना आयोगाने आपल्या वर्षाच्या कामाचा ताळेबंद मांडताना महामंदिरातल्या सोहळ्यांच्या आधी एक प्रश्न लिहावा: धर्मगुरू येऊ शकला नाही त्या रविवारी भंडारा जिल्ह्यातल्या किती वस्त्यांत लोकांनी स्वतः, आपल्या भाषेत, नीट उपासना केली? तो आकडा दरवर्षी वाढत असेल, तर परिषदेने १९६३ मध्ये दिलेला शब्द इथे पाळला जात आहे असं म्हणता येईल.